तिकडचा दिवा

स्क्रू तुरीच्या डाळीएवढा होता, पितळेचा, आणि त्याच्या खाचेत हिरवा कळंक साचला होता — बरेच दिवस न घासलेल्या तांब्याच्या काठाखाली साचतो तसा — आणि कौसल्या तो तळहातावर घेऊन खिडकीच्या उजेडात नुसती बघत उभी राहिली होती, कारण दुसरा स्क्रू काढायचा म्हणजे पुन्हा खाली वाकायचं, आणि वाकलं की ओटीपोटात जे ओढल्यासारखं व्हायचं ते आता नुसतं ओढल्यासारखं राहिलं नव्हतं. त्याला गेल्या पंधरवड्यापासून नाव मिळालं होतं. भिंतीवर, जमिनीपासून वीतभर उंच, टेलिफोनच्या तारेची काळी गोल डबी उघडी पडली होती. दोन तारा बाहेरून आत येत होत्या, दोन टेलिफोनकडे जात होत्या. एवढंच होतं ते. भिलाईहून येणारा रविंद्रचा आवाज शेवटी या दोन तारांतून, या दोन स्क्रूंखालून यायचा... आणि मध्येच तुटायचा.

रविंद्र तिचा धाकटा भाऊ. भिलाईला कारखान्यात फोरमन होता, क्वार्टरमध्ये फोन होता, आणि दर रविवारी दुपारी चारच्या सुमाराला तो नागपूरला ट्रंक कॉल लावायचा. मागच्या दोन्ही रविवारी लाइन तुटली होती, आणि दोन्ही वेळा एकाच ठिकाणी. म्हणजे घड्याळातल्या एका ठिकाणी नव्हे... बोलण्यातल्या. पाऊस उघडला का, मुलींच्या परीक्षा कधी, जयाची कंबर कशी आहे — जया रविंद्रची बायको — हे सगळं नीट पार पडलं, आणि मग कौसल्या म्हणाली, "रविंद्र, मायचं असं करायचं का..." आणि कानात चरचर सुरू झाली, तापल्या तव्यावर ओला हात झटकल्यासारखी, आणि मग काहीच नाही. पुढच्या रविवारी तिनं धीर करून "मायले दोन महिने तिकडं नेशीन का" एवढं वाक्य पूर्ण केलं, किंवा पूर्ण केलं असं तिला वाटलं; कारण चरचर नेमकी कुठे सुरू झाली, 'दोन महिने'च्या आधी की नंतर, हे ती आठवडाभर आठवत राहिली होती. त्यानं ऐकलं असेल? अर्धं ऐकलं असेल? अर्धं म्हणजे कुठलं अर्धं?

आणि हे सगळं ट्रंक एक्स्चेंजच्या सुपरवायझरच्या घरी. बावीस वर्षं ती दुसऱ्यांची बोलणी जोडत आली होती — रायपूर, जबलपूर, अमरावती, मुंबई — डोक्यावर हेडसेटचा पट्टा, हातात दोरी, समोर भोकांचा आणि बारक्या दिव्यांचा बोर्ड. सुपरवायझर झाल्यावर घरी फोन मिळाला, तेव्हापासून नागपूरच्या इंदोऱ्यात तिच्या गल्लीतले लोक पत्ता सांगताना 'टेलिफोनबाईच्या घराजवळ' असं सांगत. पण तारेला तिनं कधी हात लावला नव्हता. तारा लाइनमनच्या, ऑपरेटरच्या वाट्याला फक्त आवाज. लाइनमन लहानूजींना तिनं कालच निरोप दिला होता आणि ते येणार होतेच, तरी सकाळी उठल्यावर तिला राहवलं नाही, आणि शिवणमशीनच्या डब्यातला स्क्रूड्रायव्हर घेऊन, माय जागी व्हायच्या आत, ती भिंतीशी बसली होती. निदान आज तरी लाइन तुटायला नको. आज नाही सांगितलं तर पुढचा रविवार. आणि त्याच्या पुढच्या मंगळवारी तर तिला दवाखान्यात दाखल व्हायचं होतं.

"कौसल्ये... उठली का वं?"

"उठली, माय."

"मंग आवाज काहून नाही?"

तिनं वाकून दुसराही स्क्रू काढला, दोन्ही वाटीत टाकले, वर चिमूटभर चिंच टाकली, पाणी घातलं. तांब्यापितळेला दुसरं काय लावतात हे तिला माहीत नव्हतं.

माय म्हणजे भागीरथाबाई. चार वर्षांपूर्वी लकव्यानं तिची डावी बाजू गेली. जीभ आणि कान मात्र शाबूत राहिले, कान तर आधीपेक्षा तिखट झाले. सकाळी तिला खाटेवरून उठवायचं, मोरीपर्यंत न्यायचं, पाटावर बसवायचं, आंघोळ घालून परत आणायचं — हे कौसल्या चार वर्षं करत होती आणि त्यात तिचा एक ठरलेला डाव बसला होता: मायचा उजवा हात आपल्या गळ्यात, आपला डावा हात तिच्या पाठीमागून काखेत, गुडघा खाटेच्या कडेला टेकवायचा, आणि मग एक... दोन... तीनला उचलायचं. आजही तिनं उचललं. उचलताना खाली पोटात काहीतरी घसरल्यासारखं झालं, डोळ्यांपुढे क्षणभर भिंत पांढरी झाली, आणि मायचं सगळं वजन — ते काही फार नव्हतं, वाळल्या गवताच्या भाऱ्याएवढं — तिच्या खांद्यावर तसंच राहिलं.

"काय झालं वं? थांबली काहून?"

"काही नाही. पाय घसरला."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. पेरूसारखं काहीतरी, आणि पेरूत एक गाठ. पिशवी काढावी लागेल. वर्षभर अंगावरून इतकं जातंय तर आधीच यायला हवं होतं, रक्त किती कमी झालंय बघा, थकवा येत नाही का तुम्हांला? कौसल्याला हसू आलं होतं. थकवा येतो म्हणजे तो आधी कुठे तरी गेलेला असायला हवा. "घाबरायचं काही नाही," बाई म्हणाल्या, "मात्र नंतर दोन महिने वजन उचलायचं नाही हं. पाण्याची बादलीसुद्धा नाही." कौसल्यानं मान हलवली. बादलीचं एक वेळ जमेल... बादली आपल्याला हाक मारत नाही, बादलीला कूस बदलून द्यावी लागत नाही. परत येताना बसमध्ये ती चार थांबे पुढे गेली आणि मग उलट चालत आली, आणि त्या चालण्यात तिनं ठरवलं की कोणाला काही सांगायचं नाही. आधी मायची सोय. मग सांगता येईल. का ठरवलं? मी काय चोरी केली होती? पण 'पिशवी' हा शब्द धाकट्या भावाला टेलिफोनवर कसा सांगायचा, मध्ये दोन एक्स्चेंज, तिथं दोन मुली कानाला हेडसेट लावून बसलेल्या, त्यातली एक तर माझ्याच हाताखाली शिकलेली...

आंघोळ झाल्यावर माय म्हणाली, "ते निळ्या काठाचं पांढरं लुगडं दे मले."

"ते तर समारंभाचं आहे, माय."

"रविंद्राचा फोन येते ना आज."

"फोनवर लुगडं दिसत नाही."

"मले तं दिसते," माय म्हणाली.

लहानूजी साडेअकराला आले. साठीला टेकलेला, सुकलेला माणूस, खांद्यावर तारेचं भेंडोळं, कमरेला पक्कड, हातात तपासणीचा काळा फोन. वाटी बघून ते दारातच थांबले.

"बाई, हे काय हाय?"

"स्क्रू आहेत. कळकले होते."

"अन् वरतं?"

"चिंच."

लहानूजींनी वाटी नाकाशी नेली आणि त्यांच्या चेहऱ्यावरच्या सगळ्या सुरकुत्या हसल्या. "लाइनले चिंच लावली तुमी! पस्तीस वर्सं झाले मले या खात्यात... आता फोनवरतं आंबट बोलतीन लोकं, पाहा." मग त्यांनी ते स्क्रू फडक्यानं कोरडे केले, पॉलिश कागदावर घासले, जागेवर बसवले, आपला फोन चिमट्यांनी तारेला लावला आणि ऐकलं. डायल टोन स्वच्छ होता. त्यांनी रिसीव्हरची दोरी पिळली, ताणली, हलवली. स्वच्छ. ते बाहेर जाऊन खांबावर चढले आणि कौसल्या अंगणात डोळ्यांवर हात धरून उभी राहिली; सप्टेंबरातलं ऊन ओल्या जमिनीतून वाफेसारखं वर येत होतं. खांबावरचं पण ठीक होतं. "फाल्ट तं सापडून नाही राहिला, बाई," खाली उतरताना ते म्हणाले. "कवा तुटते? घड्याळ पाहिलं काय? पावसात? वाऱ्यात?"

"रविवारी," ती म्हणाली.

"रविवारची सुट्टी तं आपल्याले बी नसते, तारेले कुठून असंन?"

ते तारेवर बोट फिरवत खांबापासून भिंतीपर्यंत आले, भिंतीवरून खिडकीपर्यंत. तार खिडकीच्या चौकटीतून आत घेतली होती. लहानूजींनी खिडकीचं दार ओढून लावलं, कानाला फोन धरला, आणि बोट वर केलं. मग दार उघडलं. परत लावलं. "या इकडं," ते म्हणाले, "आइका."

तिनं ऐकलं. दार उघडं असताना टोन होता. दार लावलं की चरचर, आणि मग काहीच नाही.

"दबते ना तार. वरतं रबर दिसते, आत तांब्याचा एक केस राहिला फक्त. खिडकी लावली का मेला, उघडली का जिता. बोलता बोलता खिडकी लावता काय तुमी?"

कौसल्यानं रिसीव्हर खाली घेतला. हो. लावत होती. दोन्ही रविवारी लावली होती. शेजारच्या जिजाबाई चारला खिडकीखालच्या ओट्यावर तांदूळ निवडायला बसतात, आणि मायचं बोलणं काढायचं म्हणून, त्यांनी ऐकू नये म्हणून, 'जयाची कंबर' झाल्यावर ती डाव्या हातानं... किती सहज केलं होतं तिनं ते, हात आपणहून गेला होता, तोंडात वाक्य यायच्या आधी हात दाराकडे गेला होता. आणि आठवडाभर ती कोणाकोणावर संशय घेत होती! पावसावर, खांबावर, दुर्गच्या एक्स्चेंजवर, आणि एकदा — एकदाच, ताटात भात कालवताना — रविंद्रवर. घास तसाच ठेवून उठली होती ती. आता बरं वाटायला हवं होतं. वाटलंही. रविंद्रनं काहीच ऐकलं नव्हतं. बिचारा तिकडे हॅलो हॅलो करत बसला असेल.

लहानूजींनी नवी तार घेतली, खिडकी सोडून भिंतीतून भोक पाडून आत आणली. आतल्या खोलीतून मायनं विचारलं, "झालं का गा?"

"होऊन राहिलं, आजी. काहून घाई? अन् कुठं चालल्या एवढ्या नटूनथटून?"

"भिलाईले," माय म्हणाली. "लेक न्याले येऊन राहिला मले. दोन महिन्यासाठी."

लहानूजींचा हातोडा चालू होता. कौसल्यानं मायला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. खिडकी जिजाबाईंसाठी लावली, पण मधल्या दाराला तर पडदाच होता. मायनं सगळं ऐकलं होतं, पण कौसल्याच्या बाजूचं, एवढंच. पलीकडचा होकार तिनं स्वतःच घातला होता त्यात. आठवडाभर ती तो होकार उशाशी घेऊन झोपत होती.

लहानूजी गेल्यावर तिनं एक्स्चेंजला फोन लावला. बोर्डावर सिंधूताई होती — तिच्याच बॅचची, तिच्याच वयाची.

"सिंधू, माझी लाइन थोडा वेळ उघडी ठेवशील? तपासायची आहे. तुटते का पाहू."

"ठेवते ना वं. बोलत राहू का?"

"नको. तू तुझं काम कर. मी फक्त ऐकते."

आणि ती खुर्चीत बसली, रिसीव्हर कानाशी, डोळे मिटून. ट्रंक रूम तिनं बाहेरून कधी ऐकली नव्हती. पंख्याची घरघर, दोऱ्या परत खाली पडताना त्यांना अडकवलेल्या वजनांचा होणारा टक टक आवाज, कोणाची तरी बांगडी, आणि ते सगळे गळे: "हॅलो दुर्ग... दुर्ग, लाइन द्या हो..." "तीन मिनट हो गये, और बात करेंगे?" "बोला, पार्टी लाइनवर आहे, बोला..." नदीच्या काठावर बसल्यासारखं वाटत होतं. काही करायचं नव्हतं. कोणाला जोडायचं नव्हतं, उचलायचं नव्हतं. पाय जड झाले, मान कलली, आणि त्या गुंगीत तिला तेविसाव्या वर्षीची कौसल्या दिसली, पहिल्या दिवशी जबलपूरच्या भोकात दोरी घालणारी, आणि दोन अनोळखी माणसं एकमेकांना सापडली तेव्हा छातीत झालेलं ते... काय म्हणायचं त्याला. कामठीचा एक मास्तर सांगून आला होता. चांगला होता. नोकरी सोडावी लागेल म्हणाला. मी नाही म्हटलं. मला सोडायची नव्हती, एवढंच कारण. पण पुढे वडील गेले, रविंद्रचं शिक्षण तिच्या पगारावर झालं, आणि रविंद्र चारचौघांत सांगू लागला: ताईनं माझ्यासाठी लग्न केलं नाही. पहिल्यांदा त्याला तसं बोलताना ऐकलं तेव्हाच खोडून काढायला हवं होतं. तिनं काढलं नाही. बरं वाटलं असेल. त्यानं तिला फार उंचावर नेऊन बसवलं, सणासुदीला तिथं येऊन पाया पडला, आणि खाली निघून गेला. आणि उंचावर बसवलेल्या माणसाला तहान लागली तर त्यानं पाणी कोणाला मागायचं, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"कौसल्या? झोपली का वं? वीस मिनिटं झाली. एकदम पक्की आहे तुझी लाइन."

"हो," ती म्हणाली. "पक्की आहे."

चारला दहा मिनिटं कमी असताना घंटी वाजली, लांबलचक, ट्रंकची. सिंधूचा आवाज: "भिलाई. बोल." आणि मग रविंद्र.

"ताई? अरे, आज तं आवाज एकदम साफ येऊन राहिला!"

"नवी तार टाकली. लहानूजी आले होते. फॉल्ट सापडला."

पलीकडे एक क्षण काहीच नाही. फार लहान क्षण. दुसऱ्या कोणाला कळलाही नसता.

"अस्सं," रविंद्र म्हणाला. "बरं झालं."

मग मुलींच्या परीक्षा. थोरलीला गणितात कमी पडले. जयाची कंबर तशीच, डॉक्टर तिला वाकू देत नाहीत. पाऊस. खरंच इतका स्वच्छ आवाज कधी आला नव्हता. त्याच्या मागे कुकरची शिट्टी झाली, एक मुलगी "पप्पा, माझी पट्टी कुठे आहे" म्हणाली, तेही आलं. कौसल्याचा डावा हात मांडीवर होता. खिडकीखाली सुपात तांदूळ पाखडल्याचा आवाज येत होता. येऊ दे. आतल्या खोलीत खाट करकरली आणि मग अगदी गप्प झाली, मुद्दाम गप्प.

"रविंद्र," ती म्हणाली, "मायले दोन महिने तिकडं नेशीन का?"

"ताई?" रविंद्र म्हणाला. "हॅलो? ताई... हॅलो? आवाज नाही येऊन राहिला... हॅलो..."

प्रत्येक शब्द तिच्या कानात पाण्यासारखा स्वच्छ पडत होता. "हॅलो," तो आणखी एकदा म्हणाला, या वेळी हळू, जवळजवळ स्वतःशीच, मागे मुलगी पुन्हा म्हणाली, "पप्पा, पट्टी..." आणि मग रिसीव्हर ठेवल्याचा आवाज झाला. तुटलेल्या लाइनला आवाज नसतो. ठेवलेल्या लाइनला असतो, दोन पावलांचा: आधी रिसीव्हर हुकाला लागतो, मग हूक खाली बसतो. रागानं ठेवणाऱ्याची ती दोन पावलं एकच होऊन जातात. रविंद्रनं फार हळू ठेवला होता. झोपलेल्या माणसाच्या खोलीचं दार लोटावं तसा.

म्हणजे त्यानं मागच्या रविवारी ऐकलं होतं. सगळं नाही, पण पुरेसं. लाइन तेव्हा खरोखरच तुटली होती, खोटं काही नव्हतं त्यात, पण आठवडाभर त्यालाही ते वाक्य पुरलं असेल, जयाशी बोलला असेल, न बोलता फिरला असेल, आणि आज त्याच जागी आल्यावर, लाइन तुटत नाही असं दिसल्यावर... त्यानं ती तोडली. राग यायला हवा होता. ती त्याची वाट बघत बसली, रिसीव्हर कानाशी तसाच. राग काही आला नाही. आला तो जुना ओळखीचा थकवा, पायांपासून वर चढत. आणि त्याच्यासोबत एक विचित्र दया, चौतीस वर्षांच्या, दोन मुलींच्या बापाची, जो "हॅलो" म्हणताना इतकं वाईट खोटं बोलला होता.

"कौसल्या?" सिंधू लाइनवर आली. बोर्डावर प्रत्येक कॉलच्या दोन दोऱ्या, दोन दिवे; ज्या बाजूचा फोन खाली जातो त्या बाजूचा दिवा लागतो. सिंधूला सांगावं लागणार नव्हतं आणि विचारावंही लागणार नव्हतं. तरी ती थोडी थांबून म्हणाली, "तिकडचा दिवा लागला वं. तुझा नाही."

"हं."

"तिकडची लाइन खराब असंन."

"असेल."

"पुन्हा जोडू?"

राहू दे, असं कौसल्याच्या तोंडात आलं होतं. राहू दे, लाइन खराब आहे. म्हणजे मग सगळं ठीक राहिलं असतं: रविंद्र चांगला, ताई उंचावर, लाइन खराब. मंगळवारचं पुढं ढकलता आलं असतं. डॉक्टरीणबाई ओरडल्या असत्या, एवढंच.

पण सबंध दिवस ती बिघाड शोधत होती आणि ती सवय अजून हातातून सुटली नव्हती. स्क्रू पाहिला, दोरी पाहिली, खांब पाहिला, खिडकी पाहिली... राहिलं काय? तिनं तीन रविवारांची आपली वाक्यं उलटीकडून पुन्हा ऐकली, जशी ती शिकाऊ मुलींच्या चुका ऐकायची, आणि तिला त्यात एकदाही कारण सापडलं नाही. मायले दोन महिने ने. का? ते तिनं सांगितलंच नव्हतं. चार वर्षं कधीही न थकलेली ताई एकाएकी म्हणते, मायले ने. रविंद्रनं काय समजायचं? की ताईला माय जड झाली. की इतकी वर्षं आपण जे घेतलं त्याचा हिशेब ती मागतेय. अशा वाक्यासमोर कोणी कसं उभं राहावं? मीसुद्धा ठेवला असता फोन, कदाचित. गाठ त्याला माहीत नव्हती. थकवा त्याला माहीत नव्हता. तो तर तिनं, खिडकी न लावताही, नीट झाकून ठेवला होता.

बावीस वर्षं लोक तिच्या कानात असंच बोलत आले होते. हवापाणी, गुरंढोरं, पोरंबाळं, आणि तिसरं मिनिट संपता संपता, "अरे हो, एक सांगायचं राहिलं..." आणि मग ते, ज्याच्यासाठी फोन लावला होता. बाबा गेले. पोरगी परत आली. कितीदा तिला वाटलं होतं की मध्येच ओरडावं, आधी ते सांगा हो, ते आधी! आणि स्वतःच्या कॉलवर ती जयाची कंबर विचारत बसली होती.

माय तशी नव्हती. छप्पन सालच्या त्या दसऱ्याला दीक्षा घेऊन ते पारशिवनीला आजीच्या घरी गेले, आठ वर्षांचा रविंद्र वडिलांच्या खांद्यावर झोपलेला, आणि आजी दारात पाणी घेऊन उभी होती. मायनं तांब्या हातात घेतला नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "सासूबाई, आमी धम्म घेतला. हे देव आता आमच्यानं पुजल्या जानार नाही." एवढं बोलली, आणि मग पाणी प्याली. आजी रडली, भांडली, तीन दिवस बोलली नाही. पण जे सांगायचं होतं ते मायनं पाण्याच्या घोटाआधी सांगून टाकलं होतं.

"कौसल्या, आहेस ना? दुसरे कॉल थांबून राहिले."

"जोड," कौसल्या म्हणाली.

"पक्कं?"

"जोड, सिंधू. आणि तू लाइनवर असली तरी चालेल."

आतून मायचा आवाज आला, जपून, पांढऱ्या लुगड्यातला. "काय मनते वं रविंद्र?"

"काही नाही म्हणाला अजून," कौसल्या म्हणाली. "मीच नाही सांगितलं त्याला. आता सांगते. तूही ऐक, माय. तुलाही सांगितलं नाही मी."

खाट पुन्हा करकरली. माय उठून बसायचा प्रयत्न करत होती, एकटीच, उजव्या कोपरावर. एरवी कौसल्या धावली असती. ती बसून राहिली. कानात नागपूरनं दुर्गला हाक मारली, दुर्गनं भिलाईला, आणि पलीकडे, कुठल्याशा क्वार्टरात, जिथं एक मुलगी पट्टी शोधत होती आणि एक माणूस टेलिफोनकडे पाठ करून उभा असेल, किंवा तोंड करून, घंटी वाजू लागली. एकदा. दोनदा. तो उचलेल की नाही हे तिला माहीत नव्हतं, आणि उचलल्यावर काय म्हणेल हेही. पण पहिलं वाक्य तिच्या तोंडात तयार होतं, त्यात जया नव्हती, पाऊस नव्हता, मायही नव्हती, नुसतं 'मी' होतं, आणि तो एवढासा शब्द जिभेवर इतका अनोळखी लागत होता की घंटीच्या मधल्या शांततेत तिनं तो ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिला.